ज्यांची पोरं शाळेत, त्यांचं मत कुठे?

निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र शाळेत असतं. केंद्राध्यक्ष गुरुजी, बोटाला शाई लावणाऱ्या बाई, आणि आधी महिनाभर दारोदार फिरून मतदारयाद्या दुरुस्त करणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, हाही बहुतेकदा शाळेतलाच कुणीतरी. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांना जुंपायला मनाई केली आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांचा अपवाद ठेवला. म्हणजे निवडणुकीला शाळेची इमारत लागते, शाळेतली माणसं लागतात, बाकंही लागतात. शाळेचा विषय तेवढा लागत नाही.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई-पुण्याने त्याआधीची जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांवाचून काढली होती. मार्च २०२२ मध्ये सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. या काळात मुंबई महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प चार हजार कोटी रुपयांच्या आसपास पोचला. तो अधिकाऱ्यांनी मांडला आणि प्रशासक या नात्याने अधिकाऱ्यांनीच मंजूर केला. मग निवडणूक लागली तेव्हा प्रचारात पाणी होतं, रस्ते होते, कचरा, पुनर्विकास, मेट्रो, अस्मिता, सगळं होतं. मनपाच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला पूर्णवेळ शिक्षक का नाही, हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं निदान माझ्या कानावर आलं नाही.

यात उमेदवारांना दोष देऊन फारसं काही साधत नाही. उमेदवार मतदाराच्या मनातलं बोलतो. आणि मनपाच्या शाळेत ज्यांची मुलं आहेत ते आईबाप बऱ्याचदा त्या प्रभागाचे मतदारच नसतात. बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, वॉचमन, रिक्षा भाड्याने चालवणारा, यांची मुलं इथल्या शाळेत, रेशनकार्ड गावाकडे आणि मतदारयादीतलं नाव बीडला, यवतमाळला, कलबुर्गीला नाहीतर बिहारमध्ये. उलट प्रभागातला जो हक्काचा मतदार आहे त्याची मुलं खासगी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये. नगरसेवकाने शाळेसाठी जीव टाकला तरी त्याला मत द्यायला कुणी नाही आणि शाळेकडे पाठ फिरवली तरी त्याचं मत कापायला कुणी नाही. अशा व्यवस्थेत चांगला माणूस निवडून आला तरी तो शाळेकडे वळेल तो निव्वळ स्वभावाने.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की शाळांचा कारभार बघणारं एक लहानसं मंडळ असावं, ते शाळेत मुलं असलेल्या पालकांनी थेट निवडून द्यावं, आणि त्या पालकांचं मत मतदारयादीवर नव्हे तर शाळेच्या हजेरीपटावर अवलंबून असावं.

हे म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. 'आमच्याकडे शिक्षण मंडळं होती की! काय दिवे लावले त्यांनी?'

होती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नगरपालिका-महापालिकांना शिक्षण मंडळं दिली. (मुंबई शहराची वाट वेगळी होती, तिथे आजही महापालिकेची शिक्षण समिती असते.) पुण्यात, पिंपरीत, नाशकात, कोल्हापुरात शिक्षण मंडळाचा अध्यक्ष म्हणजे लाल दिव्याच्या खालोखाल प्रतिष्ठेचं पद. पण या मंडळावर निवडून यायचं म्हणजे काय करायचं? लोकांकडे जायचंच नव्हतं. सदस्य निवडायचे ते नगरसेवकांनी, सभागृहातल्या पक्षीय बलाबलाप्रमाणे. त्यामुळे शिक्षण मंडळ ही तिकीट कापलं गेलेल्या कार्यकर्त्यांच्या पुनर्वसनाची जागा झाली. ज्याला प्रभागातून उभं करता आलं नाही, जो नाराज होऊन दुसऱ्या पक्षात जाईल अशी भीती होती, ज्याने निवडणुकीत पदरचे पैसे घातले होते, त्याची वर्णी मंडळावर लागायची. त्याचा प्रचार शहराध्यक्षाच्या बंगल्यावर व्हायचा आणि त्याचं मतदान कोअर कमिटीत.

अशा माणसाच्या कारकिर्दीला शाळेशी देणंघेणं असण्याचं कारणच काय? त्याला पुढच्या वेळी प्रभागाचं तिकीट हवं असे. त्यासाठी नेता खूश हवा आणि ठेकेदार हाताशी हवा. मग मंडळाच्या बैठकांत गणवेश, रेनकोट, स्वेटर, दप्तरं, बूट यांच्याच निविदा गाजायच्या. पावसाळा सरल्यावर रेनकोट आणि थंडी सरल्यावर स्वेटर, ही बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांत इतकी वेळा छापून आली की वाचक हसायचेही बंद झाले. वाचता न येणारी मुलं सहावीत कशी पोचली, याची निविदा निघत नाही, म्हणून तो विषयही निघत नसे.

२०१३ साली सरकारने कायदा बदलून ही मंडळं मोडीत काढली. पुण्याचं मंडळ चालू मुदत पुरी करून २०१७ मध्ये संपलं. तेव्हा कुणी हळहळलं नाही, मीही नाही. पण निदान काय झालं होतं ते नीट पाहायला हवं होतं. मंडळं नासली ती लोकांनी निवडल्यामुळे नव्हे. त्यांना लोकांनी कधी निवडलंच नव्हतं. खरेदीचा अधिकार होता आणि मतदार नव्हता, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? सरकारने यातला अधिकार काढून आयुक्तांना दिला आणि मतदाराची जागा रिकामीच ठेवली.

थोडं मागे गेलं तर दिसतं की आपल्याकडे प्राथमिक शिक्षणाची लढाई सुरूच झाली ती स्थानिक संस्थांच्या अंगणात. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांचं गाऱ्हाणं हेच होतं की महसूल भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुलं. मुलांना बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तिथेच केली. पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. त्यात सक्ती करायची की नाही आणि त्यासाठी कर बसवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांनाच होता. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात झाला, तोही नगरपालिकांसाठीच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच्या आदल्याच वर्षी सक्तीचं आणि मोफत शिक्षण जाहीर केलं होतं, पण ते संस्थानिक होते, त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती गेल्या आणि तिथेच पहिली कीड लागली. गावात लिहितावाचता, दरमहा पगार घेणारा आणि चार घरांत शब्द चालणारा माणूस म्हणजे मास्तर. त्याची बदली मंडळाच्या हातात म्हणजे त्याची मान मंडळाच्या हातात. प्रचाराला आला नाही की चाळीस मैलांवर. या तक्रारी इतक्या वाढल्या की १९४७ च्या कायद्यात कारभार बघणारा प्रशासन अधिकारी सरकारने नेमायची तरतूद झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण शाळा तिच्या शिक्षण समितीकडे गेल्या. तिथेही शिक्षण सभापती नावाचा माणूस निवडून येतो तो गटातल्या रस्त्यांवर आणि बंधाऱ्यांवर, शिक्षण खातं त्याला वाटपात मिळतं. बांधकाम हुकलं की शिक्षण, हा क्रम जिल्हा परिषदेच्या राजकारणात कुणालाही विचारा. बदल्यांचं म्हणाल तर तो बाजार थेट २०१७ पर्यंत चालला. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने विशेष संवर्ग, अवघड क्षेत्र, सेवेची वर्षं असे निकष लावून बदल्या संगणकावर नेल्या. शिक्षकांची त्याबद्दलही कुरकुर आहेच, पण बदलीसाठी सदस्याच्या घरी पेढे घेऊन जाणं पुष्कळ कमी झालं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

थेट निवडून आलेलं शाळा मंडळ कसं वागतं हे पाहायचं तर अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर तो प्रयोग दुसरीकडे कुठे झालेला नाही. तिथे तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत आणि बहुतेकांना स्वतंत्र, निवडून आलेलं स्कूल बोर्ड आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत आपली माणसंही त्या निवडणुकांत दिसतात. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्कूल बोर्डाचा उमेदवार पत्रकं वाटताना आढळला तर त्यात नवल नाही. पण ते काही रम्य चित्र नव्हे. त्याच एडिसनमध्ये २०१७ च्या निवडणुकीत एका चिनी आणि एका भारतीय वंशाच्या उमेदवाराविरुद्ध, यांना देशाबाहेर हाकला अशा आशयाची निनावी पत्रकं घरोघर टपालाने पोचली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या मंडळाच्या दोन-तीन जागांसाठी बाहेरच्या गटांनी दीड कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला, एका बाजूला शिक्षक संघटना आणि दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांचे, पाठीराखे. मंडळाचे विद्यमान अध्यक्षच पडले. मतदान मात्र अगदी तुटपुंजं.

आणि सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या मंडळाने करोनाच्या काळात, शाळांना कुलपं असताना, ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. लिंकन, वॉशिंग्टन यांचीही नावं त्यात होती. मुलं घरात पडद्यापुढे बसलेली, आईबाप मेटाकुटीला आलेले आणि मंडळ इतिहास दुरुस्त करण्यात गुंतलेलं. शहराच्या नामांकित लॉवेल हायस्कूलची गुणवत्तेवरची प्रवेशपद्धत बदलल्याचा राग होता तो वेगळाच. १५ फेब्रुवारी २०२२ ला मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच परत बोलावलं, प्रत्येकाच्या विरोधात दोन-तृतीयांशांहून जास्त मतं. तो कौल बरोबर होता की चूक यावर तिथे आजही वाद घालतात. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या शहरात २०१८ पासून, नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं. मूल या शहरात राहतं ना, मग तुझं मत आहे. महापौर निवडताना नाही, राष्ट्राध्यक्ष निवडताना नाही, पण शाळेपुरतं आहे. बीडहून येऊन हिंजवडीत गिलावा करणाऱ्या बापाला पुण्याच्या शाळेपुरतं असं मत का नसावं, या प्रश्नाला मला अजून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. तो तर नागरिकही आहे.

मतदार कोण, यावर शाळा मंडळाच्या सदस्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे जिमी कार्टर. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाचं पहिलं सार्वजनिक पद म्हणजे जॉर्जियातल्या समटर काउंटीच्या शाळा मंडळाचं सदस्यत्व. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते मंडळावर आले, नेमणुकीने. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाविरोधी असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्येच लागला होता, पण समटरमध्ये काही हललं नव्हतं. कार्टरनी नंतर स्वतःच लिहिलं आहे की मंडळावर येऊन बराच काळ लोटेपर्यंत त्यांच्या हे लक्षातही आलं नाही की गोरी मुलं बसने शाळेत जातात आणि काळी मुलं चालत. कार्टर दुष्ट नव्हते, त्या काउंटीतल्या गोऱ्यांमध्ये ते बरेच उदार गणले जात. पण काळ्या आईबापांना मतदानापासून जवळजवळ दूरच ठेवलेलं होतं. ज्यांच्याकडे मत मागायला जावं लागत नाही त्यांची मुलं रस्त्याने चालताना दिसत नाहीत, डोळ्यांसमोरून गेली तरी.

त्या कारकिर्दीचा दुसरा भाग तितकाच शिकवणारा आहे. १९६१ मध्ये, कार्टर मंडळाचे अध्यक्ष असताना, काउंटीतल्या आणि अमेरिकस शहरातल्या शाळांची व्यवस्था एकत्र करायचा प्रस्ताव आला. मोठी शाळा, जास्त विषय, चांगल्या प्रयोगशाळा, हा त्यामागचा विचार. त्यावर जनमत घेतलं गेलं. कार्टर गावोगाव फिरले, भाषणं केली. प्रस्ताव पडला. त्यांच्या स्वतःच्या प्लेन्स गावाने भरभरून विरोधात मत दिलं, कारण गावची शाळा जाणार होती आणि एकत्रीकरणाआड वर्णमिश्रण येईल अशी भीतीही पेरली गेली होती. त्यांच्या गोदामावर वर्णद्वेषी शिवी लिहिलेली पाटी लागली. पुढच्याच वर्षी ते राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले. त्या निवडणुकीत क्विटमन काउंटीच्या मतपेटीत मतदारांहून जास्त मतपत्रिका निघाल्या आणि कार्टर कोर्टकचेऱ्या करून जिंकले. तो किस्सा रंजक आहे, पण इथे त्याचं काम नाही.

इथे काम आहे ते त्या हरलेल्या जनमताचं. लोकांनी चुकीच्या कारणासाठी मत दिलं, हे मान्य. तरी शाळा एकत्र करायच्या तर मंडळाच्या अध्यक्षाला गावात उभं राहून ते पटवून द्यावं लागलं, आणि नाही म्हणायला गावाला एक दिवस मिळाला. आता हे आपल्याकडच्या समूह शाळांशेजारी ठेवून बघा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त. पानशेतचं आणि तोरणमाळचं उदाहरण समोर ठेवलं गेलं. कल्पना सरसकट वाईट नाही. चार इयत्तांना एक शिक्षक आणि वर्गात सात मुलं, त्यातली दोन गैरहजर, ही शाळा पाहिलेल्या कुणालाही एकत्रीकरणाचा मोह होईल. पण ओढा ओलांडून मुलगी चार किलोमीटरवर जाईल का, बस खरंच येईल का, बस बंद पडली की पहिली शाळा सोडणारी मुलगीच असेल ना, हे प्रश्न ज्याला त्या गावात मत मागायचं आहे त्यानेच विचारायचे असतात. आणि त्या वेळी बहुतेक जिल्हा परिषदा मुदत संपून प्रशासकांच्या हाती होत्या. राज्यातल्या एवढ्या शाळांचं भवितव्य ठरवताना गट-गणातून निवडून आलेला एकही सदस्य खुर्चीत नव्हता, अशी ठिकाणं डझनाने होती. परिपत्रक वरून आलं, गटशिक्षणाधिकाऱ्याने मुख्याध्यापकाकडे पाठवलं, मुख्याध्यापकाने माहिती भरली.

पहिलीपासून हिंदीचं असंच झालं. १६ एप्रिल २०२५ चा शासननिर्णय, १७ जूनची दुरुस्ती आणि २९ जूनला माघार. निर्णय मंत्रालयात झाला आणि मोर्चाच्या धाकाने मागे घेतला गेला. मधे कुठेही, एखाद्या तालुक्याच्या, एखाद्या शहराच्या शाळांचा प्रतिनिधी उभा राहून 'आमच्या पालकांचं म्हणणं असं आहे' हे सांगू शकेल, अशी जागाच नाही. एक तर मंत्रालय, नाहीतर रस्ता.

कुणी म्हणेल, शाळा व्यवस्थापन समित्या आहेत ना. आहेत, आणि माझा सगळा भरवसा त्यांच्यावरच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाने दिलेली ही समिती म्हणजे या देशातली बहुधा एकमेव निवडून येणारी संस्था, जिथे मताचा हक्क पत्त्यावर नसून मुलावर आहे. पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. कागदावर ही फुल्यांना आवडली असती अशी गोष्ट आहे.

व्यवहारात काय होतं ते शाळेशी संबंध असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पालकसभेची नोटीस सकाळी अकराची, कामाच्या दिवशी. आलेल्या पंधरा-वीस जणांत मुख्याध्यापक हळूच नावं सुचवतात. अध्यक्ष बिनविरोध. इतिवृत्त आधीच लिहिलेलं, सह्या नंतर घरी जाऊन. काही गावांत याउलट, समितीच्या अध्यक्षपदासाठी सरपंचाचे दोन गट हातघाईवर येतात, विशेषतः बांधकामाचा निधी येणार असेल तेव्हा. दोन्हीचं मूळ एकच आहे. समिती एका शाळेपुरती आहे आणि तिच्या वर काहीच नाही. शिक्षक कमी आहे, हे तिला दिसतं, पण शिक्षक देणं मुख्याध्यापकाच्याही हाती नाही. समितीचा ठराव वर पाठवला की तो वरच राहतो. ज्या पदाला उत्तर मिळत नाही त्या पदासाठी शहाणा पालक रोजंदारी बुडवून का येईल?

तेव्हा यावर एक मजला चढवा. शहरात दोन-तीन प्रभागांचा मिळून एक मतदारसंघ, ग्रामीण भागात केंद्रशाळांचा एक गट. त्या क्षेत्रातल्या सरकारी, मनपाच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या पटावर ज्यांचं मूल आहे अशा आईला एक मत आणि बापाला एक मत. दोघं नसतील तर जो सांभाळतो त्याला. यादी नव्याने करावी लागत नाही, मुलांची आणि पालकांची नावं सरकारच्या पोर्टलवर शिक्षकांनी रात्री जागून भरलेलीच आहेत. मतदान समित्यांच्या निवडीच्याच दिवशी, रविवारी, शाळेतच. पक्षाचं चिन्ह नको. ग्रामपंचायतीला आपण पक्षाच्या चिन्हाशिवाय निवडणूक घेतोच. पॅनेल होतील, पक्ष मागून दोऱ्या हलवतील, मान्य. पण पॅनेललाही मुलाच्या आईकडेच जावं लागेल आणि ती विचारेल ते शाळेविषयीच असेल, कारण तिथे दुसरं काही मागण्यासारखं नसेल.

उमेदवारीला एक गोष्ट आठवणीने काढावी लागेल. आपल्या स्थानिक संस्थांच्या कायद्यांनुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेला माणूस निवडणुकीला अपात्र ठरतो. लोकसंख्येच्या काळजीने केलेला नियम. पण शाळेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की जिल्हा परिषदेच्या शाळेत जिची तीन मुलं शिकतात ती बाई जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर कधीच बसू शकत नाही, आणि ज्याचं एकही मूल तिथे नाही तो सभापती होऊ शकतो.

अधिकारांचं काय? इथे इतिहासाचा उपयोग होतो. बदल्या या मंडळाकडे नकोत, त्या संगणकाकडेच राहू द्या. खरेदीही नको. गणवेशाचे पैसे थेट पालकाच्या नाहीतर समितीच्या खात्यात जावेत, निविदा निघूच नये. पाठ्यपुस्तकं आणि अभ्यासक्रमही नको, नाहीतर आपलं सॅन फ्रान्सिस्को व्हायला वेळ लागणार नाही, आपल्याकडे नावं बदलायची हौस त्यांच्याहून जास्तच आहे. मग उरतं काय? पुष्कळ उरतं. त्या क्षेत्राचा शाळांवरचा वार्षिक खर्च मंजूर करणं. रिक्त पदं किती दिवस रिक्त आहेत याची जाहीर सुनावणी घेणं आणि शिक्षणाधिकाऱ्याला तिथे येऊन उत्तर द्यायला लावणं. कुठलीही शाळा बंद करायची, जोडायची किंवा तिचं माध्यम बदलायचं तर आधी मंडळाची संमती. आणि शिक्षक शाळेबाहेरच्या कामांवर वर्षात किती दिवस गेले, याची नोंद ठेवणं. या शेवटच्या अधिकाराला सरकारचाच सगळ्यात जास्त विरोध होईल, असा माझा अंदाज आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. शाळेचं फळ उशिरा मिळतं. पहिलीत आलेलं मूल नीट वाचायला लागलं की नाही हे कळायला तीन-चार वर्षं जातात, आणि सदस्याची मुदतही साधारण तेवढीच. निवडणुकीत दाखवायला सोपं काय? रंगवलेली भिंत, कमान, डिजिटल वर्गाचं उद्घाटन, टॅब वाटतानाचा फोटो. कमानीवर नाव लिहिता येतं, तिसरीतल्या मुलाच्या वाचनावर लिहिता येत नाही. थेट निवडून आलेला सदस्यही पहिली दोन वर्षं कमानीच उभारेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. फरक पडलाच तर तो यामुळे पडेल की मतदार रोज संध्याकाळी घरी त्या मुलाला पुस्तक उघडून बसलेलं पाहतो. कमान बघायला प्रभागाचा मतदार पुरतो. वाचता येतं की नाही हे आईला कळतं, ती स्वतः निरक्षर असली तरी कळतं. तिला फक्त कुणी विचारलेलं नाही.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न या योजनेतही अर्धा राहतो, हे कबूल करायला हवं. नोव्हेंबर ते मार्च आईबाप फडावर, मूल हंगामी वसतिगृहात नाहीतर सोबत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्यांचं मत गावच्या शाळेत धरायचं की कारखान्याच्या पट्ट्यातल्या? मला वाटतं गावच्या, आणि मतदान जून-जुलैत ठेवायचं, सगळे घरी असताना. पण कारखाना-क्षेत्रात मुलं शाळेत घेतली जात नाहीत तेव्हा जाब कुणी विचारायचा, हे त्याने सुटत नाही.

ज्यांना मुलं नाहीत किंवा ज्यांची मुलं खासगी शाळेत आहेत, ते म्हणतील की मालमत्ताकराच्या बिलात शिक्षण कर आम्ही भरतो, मग आम्हाला मत का नाही? त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. त्यांचं मत आहेच, नगरसेवकासाठी, आमदारासाठी. एकूण पैसा किती द्यायचा हे तेच सभागृह ठरवेल. तो पैसा त्या क्षेत्रातल्या शाळांत कसा खर्च व्हावा, एवढ्यापुरतं बोलणं मजुराच्या हाती द्यायला हरकत असू नये. पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षं त्याच्याशी कुणी बोललेलं नाही, शाळेवरून तरी बोलू द्या.

यासाठी १९४९ चा महापालिका कायदा आणि १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, दोन्हींत दुरुस्ती लागेल, आणि ती नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांतून वर गेलेले आमदारच करणार आहेत. त्यांना हातातला एक तुकडा सोडायचा आहे, तेव्हा घाई होणार नाही. पण समित्यांची निवड एकाच रविवारी, गुप्त मतदानाने, उमेदवारांची नावं आठवडाभर आधी शाळेच्या फाटकावर लावून घ्यायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेल. मुख्याध्यापक कुरकुरतील, त्यांना आणखी एक काम वाढलं म्हणून, आणि त्यांची कुरकुर रास्त असेल. मतपेट्या सांभाळायला त्या दिवशी तहसील कचेरीतले कारकून पाठवावेत. एक दिवस त्यांनी शाळेत ड्यूटी केली तर बिघडत नाही.